खटका वारंवार कां पडतो?

घरांत चोर शिरला असतां राखणीचा कुत्रा भुंकूं लागला, आणि झोपमोड झाली म्हणून घरधन्यानें त्या कुत्र्यासच काठीनें बदडून काढलें, तर त्या घरधन्यास आपण काय म्हणूं? शहाणा तर खास म्हणणार नाहीं. परंतु विजेच्या खटक्याच्या बाबतींत चांगलीं शिकलींसवरलीं माणसेंही हाच न्याय लावतांना आम्हीं पाहिलीं आहेत. दिवे जातात, कोणी तरी अंधारांत चांचपडत मीटरच्या फळीपाशीं जातो, पडलेली कळ वर ढकलतो, घटकाभरानें ती पुन्हां पडते. असें चारपांचदां झालें कीं घरांत एकमुखानें ठराव होतो : "हा खटकाच बिघडला आहे, काढून टाका!" चोर सोडून संन्याशाला फांशी देण्याचा हा प्रकार होय. तो किती महागांत पडला असता, हें आमच्या पेणच्या घरीं गेल्या पावसाळ्यांत आम्हीं स्वतः अनुभवलें. म्हणून या महिन्याच्या सदरांत तोच विषय घेतला आहे.

वीज ही आमच्या जिल्ह्यास उपरी नाहीं. खोपोलीचें जलविद्युत केंद्र १९१५ सालीं, भिवपुरीचें १९२२ सालीं आणि भिऱ्याचें १९२७ सालीं सुरू झालें. हीं तिन्ही ठिकाणें आजच्या रायगड, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा, जिल्ह्यांतच मोडतात. ज्या मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं मावळच्या शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह मांडला, त्याच धरणाचें पाणी सह्याद्रीवरून भिऱ्यास उतरतें आणि वीज देऊन झाल्यावर कुंडलिकेच्या पात्रानें रोह्यावरून समुद्राकडे जातें. एवढी प्रचंड शक्ति आपल्या डोळ्यांसमोरून वाहत असतां, आपल्याच घराच्या भिंतीवरील बोटभर खटक्याविषयीं आपणांस ठाऊक काय, तर तो पडतो एवढेंच! तो कां पडतो हें विचारण्याचे कष्ट आपण घेत नाहीं. वास्तविक त्याची परिभाषा अवघड नाहीं. ती समजून घेण्यास अर्धा तासही पुरे.

प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, आजकालच्या घरांतून दोन जातींचे खटके असतात आणि त्यांचीं कामें अगदीं भिन्न आहेत. पहिली जात ती एम. सी. बी. ही प्रत्येक फांटयास, म्हणजे स्वयंपाकघर, माजघर, माडी अशा प्रत्येक भागाच्या तारेस, वेगवेगळी बसविलेली असते. पूर्वीच्या फ्यूजच्या तारेचें काम आतां हीच करते. असा पुन्हां पुन्हां वर करतां येणारा लहानसा खटका १९२४ सालीं जर्मनींतील ह्यूगो श्टोट्झ यांच्या कारखान्यांतून निघाला. त्याच्या पोटांत दोन पहारेकरी असतात. एक म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी. तारेंतून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहूं लागला कीं ती तापत तापत वांकते आणि कांहीं मिनिटांनीं कळ पाडते. दुसरें म्हणजे तारेचें वेटोळें. दोन तारा एकमेकींस भिडून शॉर्ट झालें कीं त्याचें लोहचुंबक बनून तें निमिषार्धांत कळ ओढतें. हा खटका तारेचें रक्षण करतो, माणसाचें नव्हे.

माणसाचें रक्षण करणारी जात दुसरी. तिला आर. सी. सी. बी. म्हणतात, वायरमन मंडळींच्या तोंडीं अद्यापि ई. एल. सी. बी. हेंच जुनें नांव आहे. तिच्यावर 'टी' अक्षराचें अथवा 'टेस्ट' असें लिहिलेलें एक बटन असतें, त्यावरून ती ओळखावी. ही एखाद्या चोख कारकुनाप्रमाणें जमाखर्च पाहत असते. फेजच्या तारेनें जितका प्रवाह घरांत गेला तितकाच न्यूट्रलच्या तारेनें परत आला पाहिजे. मेळ बसला नाहीं, याचा अर्थ मधला प्रवाह कोठें तरी वाट चुकून जमिनींत गेला. मग तो ओल्या भिंतींतून गेला असेल, यंत्राच्या पत्र्यांतून गेला असेल, किंवा एखाद्या माणसाच्या देहांतून गेला असेल. घरगुती यंत्रांत ही तफावत ३० मिलिअँपिअर झाली कीं कळ पडलीच पाहिजे, आणि १५ च्या पुढें ती केव्हांही पडूं शकते. शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा सुमारें ४३० मिलिअँपिअर घेतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे हा कारकून किती बारीक हिशेब ठेवतो तें कळेल. इतका बारीक हिशेब कशासाठीं? कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनीं विजेचा मनुष्यदेहावर काय परिणाम होतो याचा वर्षानुवर्षें अभ्यास केला. साधारणपणें १० ते १६ मिलिअँपिअरच्या पुढें माणसाच्या हाताचे स्नायू असे आंवळले जातात कीं धरलेली वस्तु त्यास सोडवत नाहीं, असें त्यांस आढळलें. आणि १९६१ सालीं त्यांनीं अशा गळतीवर खटका पाडणारें उपकरण सिद्ध केलें. तेव्हां हा खटका पडला कीं 'कटकट' म्हणण्यापूर्वीं हे आंकडे आठवावे.

आतां रोह्याची हकीकत सांगतों, कारण ती सोपी आहे. माझी धाकटी बहीण रोह्यास दिलेली आहे. घरांत लहानथोर अकरा माणसें. गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांच्या स्वयंपाकघराचा खटका रोज पडूं लागला. तोही बरोबर फराळाचे पदार्थ अर्धवट झाले असतां! भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत आहे. मी भाऊबीजेस गेलों तेव्हां तो मोठ्या अभिमानानें एक नवा खटका घेऊन उभा होता.

"मामा, सोळा अँपिअरच्या जागीं बत्तीसचा बसवला कीं प्रश्न मिटला."

मीं विचारलें, "आणि भिंतींतली तार? तीही बत्तीसची केलीस का?"

तो विचारांत पडला. आम्ही दोघे कागदपेन्सिल घेऊन बसलों. त्या एका फांटयावर इंडक्शनची शेगडी २००० वॅट, नानखटाईचा ओव्हन १६०० वॅट, मिक्सर ७५० वॅट, फ्रीज १५० वॅट, आणि भिंतीपलीकडे माजघरांत मेव्हण्यांची इस्त्री १००० वॅट; एकूण ५५०० वॅट. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट धरतात. वॅटांस २३० नें भागिलें कीं अँपिअर मिळतात. उत्तर आलें जवळ जवळ २४. सोळाच्या खटक्यावर चोविसांचा बोजा! अशा दीडपट भारानें खटका तत्काळ पडत नाहीं. आंतली पट्टी तापण्यास वेळ लागतो. म्हणूनच तो दहावीस मिनिटांनीं, कधीं उशिरां, कधीं लौकर असा लहरीपणानें पडत असे. लहर खटक्याची नव्हती. इस्त्री व ओव्हन मधून मधून आपोआप बंद होत, मिक्सर क्षणभर फिरे, त्यामुळें भार कमीअधिक होई इतकेंच.

बत्तीसचा खटका बसविला असता तर काय झालें असतें? खटका पडला नसता हें खरें. पण भिंतींतील तार सोळा ते वीस अँपिअरच्या बेताची. तिच्यावरील प्लास्टिकचें वेष्टन ७० अंश सेल्सिअस उष्णतेपर्यंतच टिकावयाचें असतें. तें वर्षभर आंतल्या आंत भाजत राहिलें असतें, आणि एके दिवशीं खटक्याऐवजीं भिंतच बोलली असती! आम्हीं इस्त्रीची जागा बदलून ती माजघराच्या फांटयावर नेली आणि ओव्हनला फळीपासून स्वतंत्र तार व स्वतंत्र खटका दिला. मूळ फांटयावर २९०० वॅट, म्हणजे सुमारें १२.६ अँपिअर उरले. वायरमननें फळी उघडली तेव्हां त्या खटक्याचा एक स्क्रूही सैल सांपडला. त्याच्या भोंवतालचें प्लास्टिक तांबूस झालें होतें. सैल जोड स्वतःच तापतो आणि खटक्यास अकारण तापवितो. जेथें भाराचा हिशेब बरोबर असूनही खटका पडतो व जळका वास येतो, तेथें हें कारण अवश्य पाहावें. त्यानंतर आजवर तो खटका पडलेला नाहीं.

पेणची हकीकत मात्र इतकी सरळ नाहीं. आमचें घर जुनें, मागें परस, परसांत विहीर. चारपांच वर्षांपूर्वीं घरांतील सगळ्या तारा नव्या केल्या, तेव्हां हा गळतीचा खटका बसविला; परसांतील मोटरीची जोडणी मात्र पूर्वींची तशीच राहिली. गेल्या आषाढांत पाऊस लागला आणि घरभरचे दिवे एकदम जाऊं लागले. कधीं भर मध्यरात्रीं, कधीं दुपारीं, कधीं पहांटे. गंमत अशी कीं, बहुतेक वेळां घरांत पंख्याखेरीज कांहींच चालू नसे. प्रत्येकानें आपापलें निदान सांगितलें. थोरले बंधू म्हणाले, "आकाशांतल्या विजेचा परिणाम." धाकट्यानें गीझरवर संशय घेतला आणि तो महिनाभर बंद ठेवला, खटका पडतच राहिला. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं! शेवटीं बोलावलेल्या वायरमननें निकाल दिला : "हा प्रकार नाजूक असतो, पावसाळ्यांत असाच पडतो. मधून काढून टाकतों आणि तारा थेट जोडून देतों. कटकट संपेल." गौरीगणपती तोंडावर आलेले, पाहुण्यांची पत्रें आलेलीं, आम्हां सर्वांस तो सल्ला अमृतासारखा वाटला.

मोडता घातला तो माझ्या सुनेनें. ती रसायनशास्त्राची पदवीधर आहे. ती म्हणाली, "मामंजी, थोडे दिवस थांबूं या. तो केव्हां पडतो हेंच आपणांस नीट ठाऊक नाहीं. मग कां पडतो हें कसें कळणार?" तिनें फळीशेजारीं एक वही दोरीनें टांगली आणि घरांतील सर्वांस बजावलें कीं, कळ वर करणारानें तारीख, वेळ, पाऊस होता कीं नव्हता, आणि त्या वेळीं काय काय चालू होतें, एवढें लिहावें. एकोणीस दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्या पाहतांच गोष्ट उघड झाली. नऊ नोंदी जोराच्या सरीनंतर तासा दोन तासांच्या आंत झालेल्या होत्या. म्हणजे कारण पाण्याचें होतें, आणि बहुधा घराबाहेरचें होतें. पण उरलेल्या दोन नोंदी कोरड्या दिवसांच्या होत्या. दोन्ही पहांटे सव्वापांचच्या सुमारास. त्यांचा उलगडा कोणासच होईना.

एका रविवारीं सकाळीं मोठी सर येऊन गेल्यावर आम्हीं परीक्षा मांडली. सगळ्या उपकरणांचे प्लग काढले. एकूण एक लहान खटके खालीं केले आणि गळतीचा खटका तेवढा वर केला, तो राहिला. याचा अर्थ खटका निर्दोष होता. मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर, माडी असे फांटे एकामागून एक, मध्यें दहा दहा मिनिटें थांबून, वर केले, खटका स्वस्थ. पांचवा फांटा परसाचा. तो वर करतांच खाडकन् कळ पडली. परसांत असून असून काय, तर एक दिवा आणि विहिरीवरची अर्ध्या अश्वशक्तीची मोटर. दिवा काढून पाहिला, तरी तेंच. बंधू म्हणाले, "अरे, पण मोटर तर बंद आहे!" हीच ती अडचण होती. मोटर बंद असतांना खटका पडतो, म्हणून तिच्याकडे आजवर कोणी पाहिलेंच नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं परवाना असलेला एक अनुभवी वायरमन आला. त्यानें टेस्टर लावून पाहिलें, तों मोटरीचें बटन बंद असतांही तिच्या आंत फेज खेळतच होता! मूळ जोडणी करणारानें बटन फेजच्या तारेंत बसविण्याऐवजीं न्यूट्रलच्या तारेंत बसविलें होतें. अशा बटनानें यंत्र थांबतें, परंतु वीज त्याच्या अंगांत चोवीस तास उभी राहते. मग त्यानें मेगर लावून मोटरीच्या वेटोळ्याचें इन्सुलेशन मोजलें. तें एक मेगओहमच्या वर असावयास हवें. तें त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकेंही भरलें नाहीं. ओल खाऊन मोटरीच्या लोखंडी देहांत वीज उतरत होती. शेवटीं त्यानें अर्थिंगची तार ओढून पाहिली, ती अलगद हातांत आली. जमिनीजवळ ती गंजून केव्हांच तुटली होती.

या तिहेरी दोषाचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. अर्थिंगची तार शाबूत असती, तर गळती तिच्यावाटे जमिनींत गेली असती आणि खटका पहिल्याच दिवशीं पडून उठलाच नसता. दोष तत्काळ सांपडला असता. तार तुटल्यामुळें वीज मोटरीच्या पत्र्यावर कोंडून राहिली. पाण्याचा नळ प्लास्टिकचा, त्यामुळें तीही वाट बंद. मग पाऊस पडून खालचा ओटा चिंब भिजला कीं त्या ओलींतून ती जमिनींत वाट काढी आणि खटका पडे. ओटा वाळला कीं सगळें शांत! आम्ही समजत होतों कीं दोष गेला. वस्तुतः तो दबा धरून बसलेला असे.

आतां त्या दोन कोरड्या पहांटा. सुनेनें वही उघडून त्या तारखा थोरल्या काकूंना वाचून दाखविल्या. काकूंचें वय ब्याऐंशी. आजही त्या पहांटे उठून, सोंवळ्यानें, अनवाणी विहिरीवर जातात, मोटर लावून देवाच्या पाण्याची घागर भरतात. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अगं, मोटर चावते हें मीं मागेंच सांगितलें होतें, तुम्ही सारीं हंसलांत. त्या दोन दिवशीं जरा जोरानें चावली आणि घरभर अंधार झाला. मला वाटलें, माझ्याच ओल्या हातानें कांहीं बिघडलें. बोलणीं खावीं लागतील म्हणून मग मीं कोणाला सांगितलेंच नाहीं."

माजघरांत कोणी बोलेना. ओटा कोरडा होता, म्हणून त्या दोन दिवशीं विजेनें जमिनीकडे जाण्यास दुसरी वाट धरली होती : काकूंचा ओला हात, काकूंचा देह, काकूंचीं ओलीं पावलें. जमाखर्चाचा मेळ बसला नाहीं, आणि त्या 'नाजूक' कारकुनानें डोळ्याचें पातें लवण्यापूर्वीं दार बंद केलें. तेंच यंत्र काढून टाकण्याचा ठराव आम्ही नऊ सुशिक्षित माणसें करून चुकलों होतों! त्या वायरमनचें ऐकलें असतें तर तिसऱ्या पहांटे काय झालें असतें, हें लिहिण्यास लेखणी धजत नाहीं.

या दोन घरच्या हकीकतींवरून वाचकांनीं आपल्या घरापुरती रीत ठरवून ठेवावी. खटका पडला कीं प्रथम कोणती कळ पडली तें पाहावें. टेस्टचें बटन असलेली पडली तर गळती, साधी पडली तर भार किंवा शॉर्ट. साधी कळ वर करतांच तत्क्षणीं पडली तर शॉर्ट समजावें. ती पुन्हां पुन्हां ढकलूं नये, प्रत्येक खेपेस तारेवर आघात होतो. कांहीं वेळानें पडत असेल तर भाराचा हिशेब करावा, आणि पट्टी निवण्यास पांचदहा मिनिटें देऊन मगच कळ वर करावी. नंतर सर्व प्लग काढून, एकेक फांटा व शेवटीं एकेक उपकरण जोडीत जावें. ज्याच्या जोडण्यानें खटका पडेल तोच अपराधी. प्लग न काढतां केवळ बटन बंद करणें पुरेसें नाहीं, हें आमच्या मोटरीनें शिकविलेंच आहे.

यांत दोन चकवे आहेत. पहिला न्यूट्रलचा. लहान खटके बहुधा फेजचीच तार तोडतात, न्यूट्रल जोडलेलीच राहते. एखाद्या फांटयाची न्यूट्रल तार कोठें तरी ओल्या पेटींत अर्थिंगला टेंकली असेल, तर तो फांटा बंद असतांही, दुसरा कोणताही सुरू केला कीं गळतीचा खटका पडतो, आणि निष्पाप फांटयावर आळ येतो. काय लावावें तें लावा, खटका पडतोच, असें दिसलें कीं हा संशय धरावा. न्यूट्रलच्या तारा एकेक सोडवून पाहणें हें मात्र वायरमनचें काम. दुसरा चकवा थेंबें थेंबें सांचणाऱ्या तळ्याचा. संगणक, धुलाईचें यंत्र, जुना गीझर यांतून प्रत्येकीं अत्यल्प गळती होतच असते. एकही सदोष नसतां सर्वांची बेरीज १५ च्या पुढें गेली कीं खटका पडूं शकतो. अशा वेळीं घराचे दोन भाग करून दोन स्वतंत्र खटके बसवावे. खटका काढून टाकूं नये.

आपल्या कोंकणांत आणखी एक गोष्ट. येथें पावसाळ्यांत भिंती महिनोन् महिने ओल्या असतात. बटनांच्या पेट्यांतून पाली शिरतात, मुंग्या माती भरतात, माळ्यावर उंदीर तारा कुरतडतात. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलें, त्या वेळीं ज्यांचीं कौलें उडून भिंती भिजल्या, त्यांनीं जुन्या जोडण्यांची मेगरनें परीक्षा करविली नसेल तर आतां तरी करवावी. मृगाचा पाऊस येण्यापूर्वीं आपण कौलें चाळून घेतों, लांकूडफांटा सांठवितों. त्याच यादींत अर्थिंगची तपासणी घालावी. आणि हें ध्यानांत असूं द्यावें कीं, कळा वरखालीं करून शोध घेणें हें घरच्या माणसाचें काम; तेंही कोरड्या हातानें, पायांत रबरी वहाणा घालून. फळी उघडणें, तारा सोडणें, अर्थिंग करणें हें परवानाधारकाचेंच काम. कळ पडूं नये म्हणून ती दोरीनें बांधणें किंवा जुन्या फ्यूजमध्यें जाड तार घालणें, हा तर आत्मघात होय.

परंतु या सर्वांहून मोठा धडा मला वाटतो तो निराळाच. आमच्या घरांत दोषाचा पुरावा पहिल्या दिवसापासून होता. तो काकूंच्या हातास ठाऊक होता. विजेची विद्या आम्हां पुरुषांकडे आहे अशा समजुतीनें आम्ही आकाशांतल्या विजेपर्यंत जाऊन आलों, पण पहांटे विहिरीवर जाणाऱ्या माणसास 'तुम्हांला काय जाणवतें?' असें विचारलें नाहीं. आणि तिनें आपण होऊन सांगितलें तेव्हां हंसलों. एकत्र कुटुंबाचें बळ माणसांच्या संख्येंत नाहीं. प्रत्येकाचें बोलणें कोणी तरी ऐकून घेण्यांत आहे. मोलकरीण, लहान मूल, म्हातारें माणूस, कोणीही 'येथें हाताला मुंग्या येतात' म्हणालें कीं त्याच क्षणीं मेन बंद करावा. शंका खोटी ठरली तर अर्धा तास गेला, एवढेंच.

आतां मोटर नवी आहे, दोन्ही तारा तोडणारें बटन आहे, अर्थिंगचा खड्डाही नवा आहे. वही मात्र अद्यापि दोरीनें तेथेंच टांगलेली आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस टेस्टचें बटन दाबून खटका जागा आहे कीं नाहीं हें पाहण्याचें काम थोरल्या काकूंनीं स्वतःकडे घेतलें आहे. त्या बटन दाबतात, घरभरचे दिवे जातात, आणि आतां त्यावर कोणीही ओरडत नाहीं.